पळी तोंडाला न लावता

कणकवलीच्या पलीकडच्या एका वाडीतून सुयोग मुलुंडला बी.एस्सी. करायला आला, तेव्हा स्वयंपाकातल्या दोनच गोष्टी त्याला येत होत्या. ताट घेऊन बसणे आणि जेवण झाल्यावर ताट मोरीत नेऊन ठेवणे. त्यातली दुसरी गोष्टसुद्धा आई ओरडली तरच.

राहायची सोय मात्र झकास झाली होती. सुयोगचा मामा आणि मुलुंड पूर्वेचे नंदकुमार एकाच ऑफिसात अनेक वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलेले. नंदकुमारांची लेक मधुवंती नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. मामाने शब्द टाकला, नंदकुमारांनी बायकोकडे बघितलं, सुनंदाकाकूंनी मान हलवली आणि सुयोगची ट्रंक मधुवंतीच्या पलंगाखाली सरकली. भाडं नावापुरतं. जेवण ज्याचं त्यानं बघायचं, एवढंच ठरलं.

तर ते बघायला सुयोग स्टेशनाजवळच्या एका खानावळीत जाऊ लागला. तिथे भाजी रोज नव्या नावाची आणि जुन्याच चवीची असायची. सोमवारी तिला फ्लॉवर म्हणायचे, मंगळवारी तोंडली. महिना अर्ध्यावर येईपर्यंत घरून आलेले पैसे आटोपायचे आणि मग उरलेला महिना वडापाववर निघायचा. दोन महिने पोटाने ऐकून घेतलं. तिसऱ्या महिन्यात पोट असं काही बोलू लागलं, की लॅबमध्ये शेजारच्या मुलाला ऐकू जावं.

ही बातमी मामामार्फत गावी पोचली. वडिलांचा, म्हणजे बाळांचा, फोन आला. बाळा थोडक्यात बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "झेपत नसेल तर परत ये. इथेही कॉलेज आहे. घरचं जेवण आहे. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर मी येतो न्यायला."

सुयोगला परत जायचं नव्हतं. मुलुंडच्या कॉलेजची रसायनशास्त्राची लॅब त्याला मनापासून आवडली होती. नळीतलं पाणी रंग कधी बदलतं ते बघत तो तासन्‌तास उभा राहायचा. तेव्हा करायचं एकच. हाताने शिजवायचं आणि पोटाला गप्प करायचं. पण शिजवायचं तर गॅस हवा, आणि गॅस सुनंदाकाकूंचा.

काकू मनाने वाईट नव्हत्या. विमा कंपनीत अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला स्पष्ट. एका संध्याकाळी पोरगा कोरडे पोहे साखर घालून खातोय हे बघून त्या दारातच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"जेवण, काकू."

"याला जेवण म्हणतात तुमच्याकडे?"

"आमच्याकडे नाही म्हणत. म्हणून तर बाबा परत बोलावतायत."

त्यावर काकूंनी घटकाभर विचार केला. "सकाळी सात ते आठ ओटा तुझा," त्या म्हणाल्या. "भांडी घासून जागेवर ठेवायची. आणि एक लक्षात ठेव. या ओट्यावर जे शिजेल ते आधी देवापुढे जातं, मग तोंडात. मधे चाखायचं नाही. कळलं?"

सुयोग कळलं म्हणाला. ओटा मिळतोय म्हटल्यावर माणूस काय, कशालाही कळलं म्हणतो.

आता शिकायची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी खिचडी. आईने, रत्नप्रभाबाईंनी, फोनवर सांगितलं होतं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. सुयोग कान लावून बसला. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, गॅस बंद. झाकण उघडलं तर डाळ अजून खडखडीत. झालं काय, की सकाळी सातला त्या इमारतीत प्रत्येक घरात कुकर लागलेला असतो. सुयोगने पहिली शिट्टी आपली मोजली, दुसरी वरच्या मजल्याची आणि तिसरी शेजारच्या शेवंतीबाईंची. त्या दिवशी शेवंतीबाईंचा भातही म्हणे कच्चा राहिला, कारण त्यासुद्धा मोजत होत्या.

पण हळूहळू हात बसला. वरण जमलं, भात मोकळा होऊ लागला, बटाट्याच्या काचऱ्या खाली लागायच्या थांबल्या. वांगं कधी घ्यायचं आणि कधी नुसतं बघून पुढे जायचं, हे बाजारात कळू लागलं. आठवडाभराची भाजी एका पिशवीत आणि पैसे महिनाअखेरपर्यंत खिशात, असा चमत्कार घडू लागला. डबा भरून तो कॉलेजात न्यायचा आणि सिद्धेश नावाचा त्याचा मित्र त्यातला अर्धा डबा न विचारता खायचा. पोट गप्प बसलं.

मेख एकच होती. सुयोगचा सगळा स्वयंपाक उभा होता चाखण्यावर. मीठ घातलं, चाखलं. तिखट घातलं, चाखलं. नुसतं ढवळलं तरी चाखलं. चमचाभर इकडे, पळीभर तिकडे, आणि आमटी उकळेपर्यंत नाश्ता होऊन जायचा. चाखायचं नाही ही अट त्याच्या डोक्यात होती, पण हात आणि तोंड यांचा व्यवहार डोक्याला न विचारताच चालायचा.

आणि एके दिवशी ते झालंच. काकू देवाची फुलं घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या, तर सुयोगने आमटीची पळी तोंडाला लावलेली, डोळे मिटलेले, आणि पळी पुन्हा पातेल्याकडे निघालेली.

"सुयोग, ती पळी कुठे चालली?"

सुयोगने डोळे उघडले. पळी हवेत थांबली. "परत," तो म्हणाला.

"तोंडातून परत आमटीत?"

"सवय आहे, काकू. मीठ बघत होतो."

"रोज?"

खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर तो कदाचित बोललाही असता. पण पळीतून आमटी ठिबकत होती, तीही ओट्यावर. "रोज," तो म्हणाला.

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग लॅबमधल्या नळीसारखा बदलला. म्हणजे दोन महिने देवापुढे रोज या पोराचं उष्टं जात होतं. त्यांनी गॅस बंद केला, पातेलं सुयोगच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे सगळं तूच संपव." सुयोगला ही शिक्षा म्हणून काही फार जड गेली नाही, सिद्धेशला तर मुळीच नाही. पण खरी शिक्षा पुढे होती. ओटा बंद.

नंदकुमार सुयोगच्या बाजूने थोडं बोलून बघायला गेले. "अगं, पोरगा आहे. त्याला कोणी शिकवलं नाही."

"तुम्ही बोलूच नका. लग्न झाल्यापासून तुम्हाला शिकवतेय."

नंदकुमारांनी सुयोगला बाजूला घेऊन सांगितलं, "मी अजूनही ओट्याजवळ गेलो की हात पाठीमागे बांधून उभा राहतो. तू पण तीच सवय कर."

त्यात भर म्हणून ही गोष्ट अंधेरीला पोचली. अंधेरीला नंदकुमारांची थोरली बहीण विमला राहायची, म्हणजे काकूंची नणंद. त्यांच्या घरी नैवेद्याचं पान वाढेपर्यंत मांजरसुद्धा स्वयंपाकघरात येत नाही अशी त्यांची ख्याती. त्या फोनवर म्हणाल्या, "सुनंदा, भाडेकरू ठेवलास की देवाआधी चाखणारा ठेवलास?" हे काकूंना फार लागलं. त्यांनी फोन ठेवला आणि सरळ मधुवंतीच्या खोलीचं दार वाजवलं.

"पुढच्या रविवारी वन्सं जेवायला येणार आहेत. नैवेद्याचा स्वयंपाक तू करायचा. एकट्याने. आम्ही त्यांना आणायला स्टेशनवर जाऊ, घरात कोणी नसेल. पळी तोंडाला न लावता नीट शिजवलंस तर ओटा तुझा. लावलीस तर तुझं तू बघ."

"पण लावली की नाही ते तुम्हाला कळणार कसं?"

"मला कळेल," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

आता आली का पंचाईत. दिवाळी जवळ आलेली, बाळा गावाहून कधीही निघतील, आणि पोराने न चाखता मीठ ओळखायला शिकायचं. तेवढे दिवस काकूंनी सकाळी सरावापुरता ओटा उघडला, पण स्वतः खुर्ची टाकून समोर बसायच्या. सुयोगने घरी फोन लावला.

"तोंडाक कशाक लावूक होया?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मीठ हाताक कळता."

"माझ्या हाताक नाय कळत."

"मगे हाताक शिकव."

हात शिकेना, तेव्हा त्याने शास्त्राला हाक मारली. काकूंचा वजनकाटा घेतला, आमटी तोलली, तिच्या हिशेबाने मीठ तोललं, आणि मोठ्या विश्वासाने डबा घेऊन कॉलेजात गेला. सिद्धेशने पहिला घास घेतला आणि पाण्याची बाटली शोधायला लागला.

"काय रे?"

"काही नाही. आज डब्यात समुद्र आणलास."

झालं होतं असं, की आमटीत आमसुलं गावची. ती वाळवतानाच मिठात मुरलेली असतात. त्या मिठाचा हिशेब काट्याने केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने मीठ कमी केलं तर त्यात आमसुलांऐवजी चिंच होती, आणि आमटी अळणी. सिद्धेश म्हणाला, "यार, तू चाखत जा ना. काकूंना काय, मला नाही चालत."

मग सुयोगने काकूंनाच निरखायला घेतलं. त्या तर आयुष्यात चाखत नाहीत, मग त्यांचं मीठ चुकत कसं नाही? बघतो तर काय, काकू झाकण काढायच्या, मान जरा कलती करायच्या, हाताने वाफ नाकाकडे घ्यायच्या, थांबायच्या आणि झाकण ठेवायच्या. सुयोगला साक्षात्कार झाला. काकू मिठाचा वास घेतात. त्या दिवसापासून तो वाफा हुंगत सुटला. मिठाआधी एकदा, मिठानंतर एकदा. आणि खरंच त्याला वाटू लागलं, की अळणी आमटीचा वास जरा पोकळ येतो आणि मीठ पडलं की तो भरतो. सलग दोन दिवस सिद्धेशने काही न बोलता डबा चाटूनपुसून संपवला. सुयोग खूश. आता रविवार आपलाच.

शनिवारी दुपारी पहिली शिंक आली. संध्याकाळपर्यंत नाक असं बंद झालं, की समोर उदबत्ती पेटलीय हे डोळ्यांनी बघावं लागे.

रविवारी सकाळी काकाकाकू स्टेशनकडे निघाले. जाताना नंदकुमारांनी मागे वळून हात पाठीमागे बांधून दाखवले. दार लागलं, आणि घरात सुयोग, देव आणि रात्रभर भिजवलेले काळे वाटाणे एवढेच उरले.

बेत त्याने गावचाच ठरवला होता. काळ्या वाटाण्याचं सांबारं, कांदालसूण न घालता, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचं. आमच्याकडे देवकार्याला हेच असतं, असं तो काकूंना अभिमानाने सांगून बसला होता. जोडीला वरणभात, काकडीची कोशिंबीर आणि गोडाचा शिरा. वरणात मीठ घातलं, ठाऊक होतं. कोशिंबिरीत वाढताना घालायचं, ठाऊक होतं. वाटाणे शिजले, वाटण पडलं, मीठ जाईस्तोवर धुतलेली आमसुलं पडली, सांबारं गदगदू लागलं, रंग असा काही आला की वाडीतल्या कुठल्याही बाईने मान डोलवावी. मिठाची बरणी उघडली, चमचा हातात घेतला, आणि फोन वाजला.

"काय करतंस?" आई.

"सांबारा करतंय. मागसून बोलतंय."

"वाटाने शिजले मां बरे? नायतर दाताखाली गोळी येतली."

"शिजले गो."

"आणि त्येंका सांग, गरम मसालो घरचो हा. बाबांक सांगू मां, सगळा बरा चललाहा म्हणान?"

"सांग. ठेवतंय."

फोन ठेवला. बरणी उघडी. हातात चमचा, रिकामा. आता हा चमचा मीठ घालून रिकामा झालाय, की घालायचा म्हणून रिकामा आहे?

सुयोग चमच्याकडे बघत राहिला. त्याने आठवायचा जेवढा प्रयत्न केला तेवढं दोन्ही आठवू लागलं. आधी बोलता बोलता मीठ पडल्याचं स्पष्ट दिसायचं. जरा वेळाने न पडल्याचंही तितकंच स्पष्ट दिसायचं. त्याने मान कलती केली, वाफ नाकाकडे घेतली. नाकाने काहीच कळवलं नाही. सांबाऱ्याच्या जागी कपड्यांची बादली ठेवली असती तरी त्या नाकाने हरकत घेतली नसती.

पळी हातात होती. घरात कोणी नव्हतं. एक थेंब. जिभेच्या टोकाला. पळी परत पातेल्यात नाही, सरळ मोरीत. कोणाला कळणार? काकू म्हणाल्या मला कळेल, पण त्या काय स्टेशनवरून बघतायत? आणि सांबारं बिघडलं तर ओटा जाईल, ओटा गेला तर खानावळ, खानावळ म्हणजे दिवाळीला बाबा आणि बाबांबरोबर परतीचं तिकीट. एका थेंबाचा प्रश्न होता. पळी हनुवटीपर्यंत वर आलीसुद्धा.

देवघरात समईची वात तडतडली. ती तेल कमी पडलं म्हणून तडतडली, त्यात दुसरं काही नव्हतं. पण सुयोग तेल घालायला गेला, आणि तेल घालताना त्याच्या मनात आलं, की देव नाही बोलणार, काकूंना नाही कळणार, पण आपण सकाळपासून ज्याला नैवेद्याचा स्वयंपाक म्हणतोय, त्याला मग म्हणायचं काय? तो परत आला आणि त्याने पळी घासून पालथी टाकली.

राहिला मिठाचा प्रश्न. घातलं असेल आणि परत घातलं, तर खारट. खारटाला इलाज नाही. नसेल घातलं आणि तसंच राहिलं, तर अळणी. अळणी माणूस खाऊ तरी शकतो. एवढा हिशेब करून त्याने बरणीला झाकण लावलं आणि गॅस बंद केला.

मंडळी आली. विमलाबाई बसायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावल्या, ओटा बघितला, सांबाऱ्याचा रंग बघितला, सुयोगला आपादमस्तक बघितलं.

"हाच का तो?"

"हाच," काकू म्हणाल्या.

नैवेद्य झाला. पानं वाढली. डाव्या हाताला वर मीठ, शेजारी लिंबू, मग कोशिंबीर, असं सगळं रीतसर. काकूंनी सुयोगलाही पंक्तीला बसवलं. त्याने सांबाऱ्याचा पहिला घास घेतला. नाक बंद असलं तरी जीभ चालू होती. मिठाचा एक कणसुद्धा त्या सांबाऱ्यात नव्हता.

त्याने हळूच वर बघितलं. कोणी काही बोललं नाही. आणि बोलणार कसं? देवाला दाखवलेल्या अन्नाला त्या घरात नावं ठेवत नसत. कमी म्हणायचं नाही, जास्त म्हणायचं नाही, समोर येईल ते प्रसाद म्हणून खायचं. अंधेरीच्या घरी तर ही शिस्त आणखी कडक. विमलाबाई एक घास खायच्या, ताटातल्या मिठाकडे बोट न्यायच्या, दुसरा घास खायच्या, पुन्हा बोट. थोड्याच वेळात त्यांच्या ताटातली मिठाची जागा पुसल्यासारखी स्वच्छ झाली.

"जरा मीठ वाढ रे," त्या म्हणाल्या.

सुयोगने वाढलं.

"इकडे पण," काकू म्हणाल्या.

तो बसतो न बसतो तोच विमलाबाई पुन्हा म्हणाल्या, "बरणीच इथे ठेव. सारखा किती उठशील."

एकटे नंदकुमार मनापासून जेवत होते. त्यांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, रोज त्यांची वाटी वेगळी निघायची. आज त्यांनी सांबारं तिसऱ्यांदा मागून घेतलं. "कित्येक दिवसांत असं जेवलो नाही," ते म्हणाले. "सगळ्यांच्या पंक्तीत बसून माझंच जेवण."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी सांबाऱ्याबरोबर गिळून टाकलं.

सुयोगला शिरासुद्धा गोड लागेना. त्याने मनातल्या मनात ट्रंक बाहेर काढली होती. जेवणं झाली, विमलाबाई हात धुऊन आल्या, पुसत पुसत म्हणाल्या, "सुनंदा, मी तुला फोनवर बोलले ते मागे घेते."

"कशाबद्दल?"

"हा पोरगा चाखतो म्हणून. छे. पळी तर सोडच, हा पातेल्याजवळ जीभसुद्धा बाहेर काढत नसेल. हे मी कोणालाही छातीठोक सांगेन."

नंदकुमार आधी हसले. मग विमलाबाई. काकूंनी हसू आवरायचा थोडा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सुयोग मधेच उभा, हसावं की नाही हे न कळून.

"मी म्हटलं होतं ना, मला कळेल," काकू त्याला म्हणाल्या. "एकदा जरी चाखलं असतंस तरी हे असं राहिलं असतं का? उद्यापासून सात ते आठ."

"पण काकू, सर्दी होती म्हणून. नाहीतर मी तुमच्यासारखं वासावरून ओळखलं असतं."

"माझ्यासारखं कशावरून?"

"तुम्ही वाफ हुंगता ना, मिठाला."

"मिठाला कोण हुंगतं? करपलंय की काय ते बघते मी. परवाच कढईचं बूड गेलं." काकूंनी त्याच्या हातातली बरणी घेतली. "मीठ घातलं की बरणीचं झाकण उलटं ठेवायचं. गॅस बंद केला की सुलटं. माझ्या सासूबाईंची युक्ती. फोन येवो, दारावर कोणी येवो, झाकण सांगतं."

सुयोगने झाकणाकडे बघितलं, मग काकूंकडे. आठवडाभर त्याने कुठल्या कुठल्या वाफा नाकात भरून घेतल्या होत्या, आणि सिद्धेशने दोन दिवस डबा चाटला तो निव्वळ नशिबाने.

दुपारी भांडी घासून तो खोलीत गेला, तर आईचा फोन.

"कसा झाला रे सांबारा?"

"आळणी."

 मग रत्नप्रभाबाईंनी बारीक आवाजात विचारलं, "मगे? हाकलल्यानी?"

"नाय गो. गॅस दिल्यानी."

"आळणी जेवण खावन गॅस दिल्यानी? खंयची माणसां ही?"

"तुका समजवतंय मागसून," सुयोग म्हणाला. "आधी बाबांक सांग, दिवाळेक मी येतंय. न्हेवूक येव नको, नुसता फराळाक बोलव."